पहिल्या फटक्यात हो

चपाला तळ्याकाठून,
नोव्हेंबरचा दुसरा रविवार

प्रिय लव्हॉनताई,

धाकट्या आर्डिसचा नमस्कार, आणि एल्रॉयचाही (तो ओट्यावर बसून गल्लीतल्या पाण्याच्या पाटाच्या खोलीचा हिशेब मांडतोय, पण मान हलवली त्याने). तुझी प्रकृती कशी आहे हे रीत म्हणून विचारते, उत्तराची आशा नाही, कारण तू 'वाईट नाही' एवढंच कळवणार. मागच्या जानेवारीत गोठ्यासमोरच्या बर्फावर आपटून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हाही फोनवर 'वाईट नाही, जरा बसून असते' म्हणाली होतीस, आणि खरं काय ते मला तीन आठवड्यांनी चर्चमधल्या मायर्नाबाईंकडून कळलं. तेव्हा मी कोणावर चिडले होते ते आता सांगत नाही. इकडे आम्ही दोघं ठणठणीत. एल्रॉयचे गुडघे गेल्या हिवाळ्यापासून कुरकुरलेले नाहीत, मुळात इथे हिवाळाच आलेला नाही, त्यामुळे त्यांना तक्रार करायला निमित्तच उरलेलं नाही.

तर ताई, नीट बस, कॉफी ओतून घे. मी जिंकले. 'पहिला बर्फ पडायच्या आत मिनेसोटाला परत याल दोघं, शेपूट घालून' असं तू निघताना अंगणात उभी राहून म्हणाली होतीस ना? त्याला दोन हिवाळे होऊन गेले. परवा मला मेक्सिकोत कायमचं राहायचा परवाना मिळाला, एल्रॉयलाही मिळाला, आणि काल आमच्या शेजारच्या घरमालकीणबाईंनी, डोन्या चेलोने, घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. भाड्याची नव्हे, मालकीची. आता ही गोष्ट तुला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि तुलाही इथून पुढचं वाचल्याशिवाय भाग नाही, कारण थंडीत तुझ्याकडे दुसरं करण्यासारखं काय आहे?

जावं की नाही हे ठरवण्यातच आमचे दोन हिवाळे गेले होते हे तुला ठाऊकच नाही. मला जायचं होतं. एल्रॉयला जायचं होतं. पण मी म्हणे, 'तुला हवं असेल तर जाऊ बाबा', आणि तो म्हणे, 'माझं काय, तुझं तू ठरव.' असं करत करत दोघंही तिथेच फावड्याने बर्फ ओढत राहिलो. शेवटी एका फेब्रुवारीत गॅरेजचं दार गोठून बंद झालं आणि आम्ही दोघं चार तास आत अडकलो. गाडीत बसून मी त्याला विचारलं, जायचंय का? तो म्हणाला, तुला? मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, बघ म्हणजे, तुला वाटत असेल तर. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, 'हो, मला बर्फाचा कंटाळा आलाय, आर्डिस, जीव नकोसा झालाय.' बेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्याच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

आपल्याकडची रीत तुला मी सांगायची म्हणजे भटजींना पळी-पंचपात्र दाखवण्यासारखं आहे (हे भटजी मी दुसऱ्या एका मुलखातून उसने घेतले, आपल्या पाद्रीबाईंना सांगू नकोस). पण एल्रॉय म्हणतो लेखी असू दे, पुढे पुरावा लागतो. आपली आई सांगायची, पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणतो तो हावरा, दुसऱ्यांदा म्हणतो तो उतावळा, आणि तिसऱ्यांदा म्हणतो तो घरंदाज. पहिल्यांदा 'छे छे, पोट भरलंय', दुसऱ्यांदा 'उरलंच असेल तर', आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी अर्धा कप.' आणि ताटातला शेवटचा तुकडा? तो कोणी घ्यायचाच नाही. चर्चच्या तळघरात शेवटच्या लिंबू-वडीचा अर्धा कोणीतरी घेतं, मग उरलेल्याचा अर्धा दुसरं कोणी, मग त्याचाही अर्धा, आणि शेवटी सुईच्या टोकाएवढा कण ताटात ठेवून सगळ्या घरी जातात. याला आपण सुसंस्कृतपणा म्हणतो. मीही म्हणत होते. जग बघेपर्यंत.

कुठे जायचं ते ठरवायला एल्रॉयने संगणकावर तक्ता केला. चौदा देश, आणि प्रत्येकापुढे हवा, डॉक्टर, घरभाडं, भाषा असे रकाने. (शेवटचा रकाना 'सांडपाण्याचा निचरा' असा होता आणि त्याला बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त गुण होते. एकतीस वर्षं जिल्ह्याचे शेतचर तपासण्यात घालवलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची?) साहजिकच पहिला नंबर हॉलंडचा आला. सगळा देशच समुद्राखाली आणि तरी पाय कोरडे, म्हणजे एल्रॉयच्या लेखी ते स्वर्गाचं तळघर. तिथल्या एका बांधबंदिस्तीवाल्याशी, बेरेंडशी, त्याचा पत्रव्यवहार होता. त्याने लिहिलं, या, महिनाभर राहून बघा. आम्ही गेलो.

माणसं फार चांगली हं ताई, आधीच सांगते. बेरेंडची बायको आन्नेके स्वतः स्टेशनवर घ्यायला आली, माझी बॅग उचलली. घरी गेल्यावर कॉफी दिली, बिस्किटांचा डबा उघडून पुढे केला. एल्रॉयने एक घेतलं. मला विचारलं, 'तुम्हाला?' मी म्हटलं, 'नको नको, विमानात खाल्लंय.' ती म्हणाली, 'बरं,' आणि डब्याला झाकण लावलं. टक्! झाकणाचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी तिच्याकडे बघत राहिले, ती हसून माझ्याकडे बघत राहिली. रात्री जेवताना तेच. आणखी बटाटे? नको. बरं. सूप? नको. बरं. एवढी सरळ, निर्मळ बाई, तिच्या मनात वाईटाचा लवलेश नाही. मी नको म्हटलं म्हणजे मला नको, एवढंच तिला कळायचं. तिथे शब्दाला शब्दाएवढीच किंमत असते आणि प्रश्न एकदाच विचारतात, पण तो पुरता विचारतात. महिनाभरात माझं अकरा पौंड वजन उतरलं. एल्रॉय दिवसभर बांधांवर हिंडून तृप्त होऊन यायचा आणि मी पलंगाखाली लपवलेली पावाची लादी कुरतडत बसायचे. परत येताना विमानात हवाईसुंदरीने खाण्याचं विचारलं तेव्हा मी इतक्या जोरात हो म्हणाले की पुढच्या रांगेतलं मूल जागं झालं. हॉलंडपुढे एल्रॉयने लाल काट मारली. मारताना त्याचे डोळे पाणावले होते, पण मारली.

दुसरा नंबर मेक्सिकोचा होता. निचऱ्याच्या रकान्यात शून्य, पण हवेत पैकीच्या पैकी. या गावात आलो, गल्लीच्या टोकाला हे पिवळं घर भाड्याने होतं, मालकीण भिंतीपलीकडेच. डोन्या चेलो म्हणजे आपल्या एल्सीमावशीएवढी बुटकी आणि तिच्या दुप्पट आवाजाची बाई. पहिल्याच सकाळी तमाल्यांचं, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेल्या मुटक्यांचं, पातेलं घेऊन दारात. मी म्हटलं, नको हो, कशाला त्रास. ती म्हणाली, घ्या! मी म्हटलं, अहो खरंच नको. ती म्हणाली, 'अगं बाई, वाऱ्याने उडून जाशील, घे!' आणि मी तिसऱ्यांदा तोंड उघडायच्या आत दोन तमाले ताटात पडले होते. मग तिसरा, चौथा. ती नऊ वेळा विचारते गं ताई! नऊ! माझे डोळे भरून आले. ही तर आपलीच माणसं, फक्त ऊन लागलेली, असं मी एल्रॉयला म्हणाले. त्याने पुढचा घास घेतला, आणि तक्ता त्याच दिवशी मिटला.

आणि याच भरल्या पोटाने मी आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा केला. परवान्यासाठी दोन दिवसांपुरतं आपल्याकडे परत येऊन मेक्सिकोच्या वकिलातीत जायचं होतं. खिडकीत टाय लावलेला एक तरतरीत तरुण. त्याने आमची पेन्शनची कागदपत्रं चाळली आणि म्हणाला, 'तुमच्या कागदांवरून तुम्हाला थेट कायमचा परवाना मिळू शकतो. देऊ का?' ताई, देव समोर उभा राहून वर माग म्हणत होता. आणि मी काय म्हणाले असेन? 'अहो छे छे! कायमचा कशाला, उगाच तुम्हाला त्रास. तात्पुरता असला तरी भागेल आमचं.' आणि मी हसून थांबले. तो दुसऱ्यांदा विचारेल, मग मी 'बघा बाई, तुम्हाला सोयीचं असेल तर' म्हणेन, असा सगळा सूर लावून थांबले. तो पोरगा तिकडचा असला तरी वाढलेला बहुतेक कुठल्यातरी घाईच्या शहरात. तो म्हणाला, 'बरं,' आणि शिक्का मारला. दोन्ही पासपोर्टांवर! तात्पुरता, एक वर्ष. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण कर्माला इतकं गोड बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

एल्रॉयने चाळीस मैल गाडी हाकली. मग एका पेट्रोल पंपापाशी म्हणाला, 'हे जरा वेगळंच झालं.' तुला माहीत आहे, आपल्याकडचा नवरा बायकोला 'वेगळंच झालं' म्हणतो तेव्हा दुसऱ्या मुलखातल्या नवऱ्याने भांडी फोडलेली असतात.

आता तू म्हणशील, तात्पुरता तर तात्पुरता, काय बिघडलं? बिघडलं ते घराचं. डोन्या चेलोला हे घर विकायचं होतं, आणि मला ते हवं होतं, ताई, लहान मुलीला बाहुली हवी असते तसं हवं होतं. मागे लिंबाचं झाड, स्वयंपाकघरात निळ्या फरश्या, आणि दोन घरांच्या मधल्या भिंतीत एक दार, ज्यातून ती माझ्याकडे येते आणि मी तिच्याकडे. पण तिची अट होती. आधीच्या कॅनडावाल्यांनी 'जन्मभर राहू' अशा आणाभाका घेऊन दोन वर्षांत पोबारा केला होता, मागे तीन मांजरं टाकून. ती तिन्ही मांजरं हिच्या गळ्यात पडली. त्यामुळे ती म्हणाली, 'नुसतं तोंडी मला सांगू नका. कायमचं कार्ड दाखवा, घर तुमचं. एक वर्ष वाट बघते. नाही जमलं तर टेक्सासवाले आहेतच.' टेक्सासवाले म्हणजे प्रूइट जोडपं, परवान्यासकट तयार. त्यातली डार्ला प्रूइट दर मंगळवारी टेप घेऊन यायची आणि मी घरात राहत असताना माझ्या खिडक्यांची मापं घ्यायची, पडद्यांसाठी! आणि मी? मी तिला कॉफी विचारायचे. ती पहिल्या विचारण्याला हो म्हणायची, वर बिस्किटं कुठायत विचारायची. भीड ही भिकेची बहीण, ते मला दर मंगळवारी पटायचं.

शेवटी वर्ष संपत आलं तशी मी डोन्या चेलोपुढे बसून सगळं कबूल केलं. वकिलातीतलं ऐकून ती आधी हसली, मग कपाळावर हात मारला, मग म्हणाली, 'तुला खोड लागलीये. ती मोडायची. उद्यापासून मी एकदाच विचारणार.' आता नऊ वेळा विचारणाऱ्या बाईने एकदाच विचारायचं म्हणजे शिक्षा मला की तिला? पहिल्या सकाळी तिने तमाले आणले, एकदा विचारलं, माझ्या तोंडून सवयीने 'नको नको' निघालं, आणि तिने ताट मागे घेतलं. ओठ थरथरत होते बिचारीचे. भिंतीपलीकडे जाऊन ते तिने स्वतःच रडत रडत खाल्ले, मला ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी दार ढकलून ती आत आली आणि काही विचारायच्या आत मी ओरडले, 'हो!' ती म्हणाली, 'अगं, मी मीठ मागायला आलेय.' पण मिठी मारली तिने मला.

ताई, बांध फुटल्यावर पाणी कुठे कुठे जातं ते एल्रॉयला विचार. मी एकदा हो म्हणायला लागले ती थांबेचना. पाण्याचा बुधलेवाला आला, दोन बुधले टाकू? हो. दुपारी परत आला, आणखी दोन? हो. आठवड्यात घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, आम्ही बुधल्यांवर बसून जेवायचो. गॅसवाला, झाडूवाला, लॉटरीवाला, सगळ्यांना हो. आणि मग चेलोची नात इत्सेल हिचा पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा आला. इथे हा सोहळा लग्नापेक्षा मोठा, आणि त्यातल्या एकेका गोष्टीला एकेक धर्ममाता नाहीतर धर्मपिता लागतो, म्हणजे ती गोष्ट त्यांनी आणायची आणि मिरवायची. इत्सेलच्या आईने विचारलं, केकची धर्ममाता होता का? हो. पाच मजली केक, ताई! वर शेजाऱ्यांनी विचारलं, एल्रॉयसाहेब वाजंत्र्यांचे धर्मपिता होतील का? मीच हो म्हणून टाकलं. एल्रॉयला दुसऱ्या दिवशी कळलं, दारात चौदा माणसं कर्णे घेऊन उभी राहिली तेव्हा. तो म्हणाला, 'हे जरा वेगळंच...' मी म्हटलं, वाक्य पुरं करू नकोस, यांना कॉफी दे.

पण ऐक पुढचं. सोहळ्याच्या आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला आणि आमची गल्ली नेहमीप्रमाणे गुडघाभर तुंबली. गल्लीतले म्हणाले, दरवर्षीचंच आहे, दोन दिवसांत उतरेल. एल्रॉय दारात उभा राहून ते पाणी बघत होता. चेलोने त्याला विचारलं, 'तुम्हाला यातलं कळतं म्हणे, बघता का जरा?' माझ्या नवऱ्याने तोंड उघडलं, मला वाटलं आता 'छे छे, मी कोण' म्हणणार, आणि तो म्हणाला, 'हो.' पहिल्या फटक्यात! गुडघ्यापर्यंत विजार वर करून, फावडं घेऊन उतरला आणि संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या जुन्या दगडी पाटाचं तोंड मोकळं केलं. चाळीस वर्षं कोणाला तो पाट तिथे आहे हेच माहीत नव्हतं. पाणी गटागटा तळ्याकडे निघालं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी इत्सेल कोरड्या रस्त्यावरून फुगीर झग्यात चालत गेली, पुढे चौदा वाजंत्री आणि त्यांच्यापुढे एल्रॉय, कॉलरला फूल खोचून. आता लोक त्याला 'पाण्याचे साहेब' म्हणतात. तो लाजतो, पण दिवसातून तीनदा उगाच कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो.

आणि मग परवा, परवान्याच्या कचेरीत जायचा दिवस. एल्रॉय आणि मी दोघंच जाणार होतो, पण डोन्या चेलो आली, तिच्याबरोबर इत्सेल आली, आणि वाजंत्र्यांतला एक जण (कर्णा घरी ठेवून, माझ्या सांगण्यावरून). खिडकीत चष्मा नाकावर घसरलेल्या एक बाई होत्या. माझ्या मनात एकच जप, पहिल्यांदा विचारलं की हो, पहिल्यांदा विचारलं की हो. बाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, 'नाव?'

'हो!' मी म्हणाले.

बाईंनी चष्मा वर सरकवला. म्हणाल्या, 'बाई, मी नुसतं नाव विचारलंय.' मागे बाकावर इत्सेल तोंडावर हात दाबून हसत होती. मी नाव सांगितलं. त्यांनी कागद चाळले, आणि मग कपाळाला आठी घालून म्हणाल्या, 'इथे लिहिलंय की मागच्या वेळी तुम्हाला कायमचा देऊ केला होता आणि तुम्हीच नको म्हणालात. का बरं? राहायचं नव्हतं का?' आता यांना आई, चर्चचं तळघर, लिंबू-वडी, हॉलंडचं झाकण हे सगळं कसं सांगायचं? पण सांगितलं. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, हातवारे करून, झाकणाचा टक् असा आवाजसुद्धा काढून दाखवला. मागची रांग पुढे सरकून ऐकायला लागली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'माझी सासू अशीच आहे. तिने चार वर्षं नवीन चूल नको म्हटलं आणि पाचव्या वर्षी आम्ही आणली नाही म्हणून बोलायची बंद झाली.' मग त्यांनी पेन उचललं आणि सरळ विचारलं, 'आर्डिसबाई, तुम्हाला इथे कायमचं राहायचंय?'

'हो,' मी म्हणाले. स्वच्छ, खणखणीत, एका दमात. मला स्वतःला माझा आवाज ओळखू आला नाही. त्या एल्रॉयकडे वळल्या, 'आणि तुम्हाला?' आणि या माणसाने, पाण्याच्या साहेबाने, जो बायकोच्या चुकीबद्दल वर्षभर दीर्घ उसासे टाकत होता, त्याने हॅट काढली आणि म्हणाला, 'बघा, तुम्हाला सोयीचं असेल ते.' पेन थांबलं. मी त्याचा पाय तुडवला. आणि बाकावरून डोन्या चेलो गरजली, 'त्याचं ऐकू नका! त्याचं नको म्हणजे हो असतं, आमच्या गल्लीला विचारा!' सगळी कचेरी हसली. बाईंनी त्याला पुन्हा विचारलं, हसत हसत, आणि त्याने घाम पुसत 'हो' म्हटलं. ठप्प. ठप्प. फोटोत हसायचं नाही असं तिथे लिहिलंय. माझ्या कार्डावर माझे खालचे-वरचे सगळे दात दिसतात.

काल घरी पार्टी केली. मी आपल्या पद्धतीच्या लिंबू-वड्या केल्या होत्या, गल्ली लोटली होती, डार्ला प्रूइटसुद्धा आली (टेप घेऊन नाही). तिने पुढच्या चौकातलं दुसरं घर घेतलंय, आणि खरं सांगू, बाई मनाने वाईट नाही, नुसती सरळ आहे. शेवटी ताटात एक वडी राहिली. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. कोणी हात पुढे करेना. मग मी ती उचलली, ताई, आणि अख्खी खाल्ली. अर्धी नाही, अख्खी. सगळ्यांच्या देखत, माझ्या स्वतःच्या घरात, निळ्या फरशीवर उभी राहून. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा. काय लागते गं शेवटची वडी! पहिल्यापेक्षा चांगली असते, कोणी आपल्याला सांगितलंच नाही.

मायर्नाबाईंना आणि तळघरातल्या सगळ्यांना नमस्कार. पायऱ्यांवर मीठ टाकत जा. तुझी, जिंकलेली,

आर्डिस

ता. क. : मागची खोली रिकामी आहे. तिला लिंबाच्या झाडाकडची खिडकी आहे, उंबरा एल्रॉयने काढून टाकलाय, म्हणजे खुब्याला त्रास नको. भिंतींना तुझा आवडता फिकट हिरवा रंग दिलाय. ही खोली पाहुण्यांची नाही. घर घेताना मी आधी ती खोली बघितली आणि मग घर. ताई, कायमची राहायला ये. मी इतरांसारखी शिकून शहाणी झालेय, म्हणून एकदाच विचारते. तू नाही म्हणालीस तर खरं मानेन.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायला घेतलं आणि जमेना. तू आत्ता हे वाचून 'छे, तुमच्यावर कशाला भार' म्हणालीच असशील. म्हणून एक गोष्ट लिहिते, जी एक्कावन्न वर्षं आपण दोघी बोललो नाही. ज्या उन्हाळ्यात हॉलंडहून येल्ले आपल्या शेतावर काम शिकायला आला होता, तो जायच्या पंधरा दिवस आधी दुधाच्या खोलीत त्याने तुला विचारलं होतं, माझ्याबरोबर येतेस का? मी दाराआड होते. तू म्हणालीस, 'छे छे, मी गेले तर दूध कोण काढणार?' त्यानंतर पंधरा दिवस तू रोज संध्याकाळी तो निळा फ्रॉक घालून दुधाच्या खोलीत जात होतीस. तो पुन्हा विचारेल म्हणून. त्याने विचारलं नाही, आणि तुला वाटलं की त्याच्या मनात तेवढं नव्हतंच. ताई, आन्नेकेने डब्याला झाकण लावलं ना, त्या रात्री मी रडले, पण भुकेने नाही. मला येल्ले आठवला. त्याने अर्धवट विचारलं नव्हतं गं. त्याच्याकडे एकदाच विचारतात, आणि पुरतं विचारतात. तू नको म्हणालीस ते त्याने खरं मानलं, आणि तसाच गेला. त्याची चूक नव्हती. तुझीही नव्हती.

ता. क. तिसरा : तेव्हा एकदाच विचारते म्हणाले ते सपशेल खोटं होतं. वर पहिल्यांदा विचारलं, येल्लेच्या गोष्टीत दुसऱ्यांदा विचारलं असं धर, आणि हे तिसऱ्यांदा. लव्हॉन, येतेस का आमच्याबरोबर राहायला? गाई विकल्याला वीस वर्षं झाली. दूध काढायचं नाहीये. रविवारी चर्च सुटल्यावर फोन करते. हवापाण्याचं नंतर बोलू, आधी हो म्हण.